खेळातला शिपाई, देव्हाऱ्यातला वीर

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी शहापूर, आसनगाव, मुरबाडच्या बाजारात पणत्या आणि आकाशकंदिलांच्या शेजारी मावळे येऊन बसतात. बोटभर ते वीतभर उंचीचे भालेकरी, तुतारीवाला, गुडघा टेकून नेम धरणारा बंदूकवाला, घोडेस्वार, एखादी तोफ आणि या सगळ्यांपासून जरा अंतरावर मांडलेले, सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. एखादा मावळा डोळ्यांजवळ धरला, की साच्याचे दोन भाग जिथे जुळले ती रेघ कानामागून खांद्यावर आणि तिथून कमरेपर्यंत उतरलेली दिसते. डोळा म्हणजे काळ्या रंगाचा एक ठिपका, मिशी म्हणजे बारीक कुंचल्याचे दोन फटकारे. मुले ते निवडायला वेळ लावतात. भाला मोडलेला नको, रंग उडालेला नको, आधीच्या वर्षीचा आहे तसाच पुन्हा नको.

घरी अंगणात दगड-माती, जुनी गोणपाटे आणि चिखल यांतून किल्ला उभा राहतो. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात, चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. मग मावळे मांडायचे. महाराज सर्वांत वर. संध्याकाळी त्यांच्यापुढे पणती लागते, चपला घालून किल्ल्यावर हात टाकायला बंदी असते. दुपारी तीच मुले भालेकऱ्याला उचलून तटावरून खाली पाडतात, दोन घोडेस्वारांची टक्कर लावतात, तेव्हा कोणी काही म्हणत नाही. महाराजांना मात्र असे कोणी खेळायला घेत नाही. दोन्ही आकृत्या एकाच मातीच्या, एकाच गाडीवरून विकत आणलेल्या. त्यांतली एक खेळणे ठरते आणि दुसरी पूज्य. ही रेघ कुठून आली, आणि ती बरोबर ठिकाणी आहे का? दिवाळीनंतर हात तुटलेला मावळा केराच्या टोपलीत टाकताना मोठ्या माणसांचाही हात क्षणभर अडतो. प्रश्न मुलांच्या खेळातला असला तरी मूर्ती म्हणजे काय, या जुन्या आणि गंभीर प्रश्नाचेच ते एक टोक आहे.

हा वाद रोमन लोकांनीही घातला होता. डिसेंबरात त्यांचा सॅटर्नेलिया हा सण असे आणि त्याच्या अखेरच्या दिवसांना सिगिलारिया म्हणत. या दिवसांत मातीच्या आणि मेणाच्या छोट्या आकृत्यांचा बाजार भरे. लोक त्या विकत घेत, एकमेकांना आणि मुलांना भेट देत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मॅक्रोबियस या लेखकाने या सणावर संवादरूपाने ग्रंथ लिहिला. त्यातला इव्हँजेलस नावाचा माणूस म्हणतो, की रांगत्या पोरांना रिझवणाऱ्या मातीच्या बाहुल्यांना धर्मकृत्य कसले म्हणता? धर्मशास्त्र जाणणारा प्रीटेक्स्टाटस त्याला एक जुनी कथा सांगतो. फार पूर्वी या देशात देवांना माणसांचे बळी दिले जात. हर्क्युलीस तिथून जाताना त्याने लोकांना समजावले, की माणसाच्या डोक्याऐवजी छोटी आकृती द्या आणि दिवे लावा. तेव्हापासून ही प्रथा.

कथा खरी की नंतर रचलेली, हे बाजूला ठेवले तरी तिच्यातला विचार मोलाचा आहे. छोटी आकृती ही माणसाच्या जागी उभी असते. ती दिल्यामुळे एक जीव वाचतो, म्हणून ती क्षुल्लक नाही. महाराष्ट्रात नवरात्रात बोकडाऐवजी कोहळा कापणाऱ्या घरांना हा विचार परका वाटणार नाही. यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू चालतो का, यावर आपल्याकडच्या पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रार्थ केला. कोणत्याही आकृतीबद्दल पहिला प्रश्न हाच असतो: ती कोणाच्या जागी उभी आहे?

हाच प्रश्न खेळातल्या शिपायांनाही लागू होतो. आज जगभर हजारो लोक टेबलावर प्राचीन लढाया मांडतात आणि त्यांत रोमन सैन्य फार लोकप्रिय आहे. हे शिपाई धातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. उंची बहुधा २८ मिलिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटरलाही थोडी कमी. पंधरा आणि सहा मिलिमीटरचेही मिळतात. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९६०च्या दशकात रोमन शिपायांची छोटी पेटी बाजारात आणली आणि मुलांच्या एका पिढीचा रोमशी पहिला परिचय तिथेच झाला. खेळणारा आधी काळ ठरवतो. हॅनिबलशी लढणारे सैन्य हवे असेल तर हस्ताती, प्रिन्सिपेस आणि ट्रिआरी अशा तीन रांगा लागतात. तरुण पुढे, मुरलेले मागे. ज्युलियस सीझरचे सैन्य हवे असेल तर कड्या गुंफलेले चिलखत हवे. आडव्या पोलादी पट्ट्यांचे चिलखत सिनेमामुळे सर्वांच्या डोळ्यांसमोर येते, पण ते सीझरच्या गॉलमधल्या लढायांनंतर प्रचारात आले. ते घातलेला शिपाई सीझरच्या फौजेत उभा करणे म्हणजे नातवाचा पोशाख आजोबाला घालणे.

नेमकेपणाची ही ओढ वरवर हौशी वाटते. पण तिच्या मुळाशी एक नैतिक जाणीव आहे. मेलेला माणूस स्वतः येऊन सांगू शकत नाही, की मी असा नव्हतो. त्याच्या जागी आकृती उभी करणाऱ्याला ती काळजी घ्यावी लागते. सम्राटांच्या काळातल्या रोमन फौजेत निम्म्याच्या आसपास शिपाई रोमचे नागरिकही नव्हते. सीरियाचे तिरंदाज होते, आजच्या हॉलंडमधले बटाव्हियन होते, आफ्रिकेचे घोडेस्वार होते. फक्त लाल ढालींचे रोमन मांडले तर निम्मे मेलेले पुसले जातात. रोममध्ये इसवी सन ११३ मध्ये उभारलेल्या ट्राजनच्या स्तंभावर हे परके शिपाई पुढे लढताना कोरले आहेत. त्याच स्तंभावर रोमचा पराभूत शत्रू, डेशियाचा राजा डेसेबालस, हाती लागण्याआधी स्वतःचा जीव घेतानाही कोरलेला आहे. विजेत्याच्या स्मारकावर शत्रूला एवढी जागा मिळाली आहे.

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. खऱ्या लढाईपेक्षा ही छोटी लढाई किती तरी बरी, कारण इथे कोणाचे घर जळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबत नाही, हे खरेच. पण आकृतीने माणसाची जागा घ्यावी, ही प्रीटेक्स्टाटसची इच्छा वेल्सच्याही मनात होती.

आता आपल्या देव्हाऱ्याकडे वळू. गणपतीची मूर्ती कारखान्यातून घरी येते तेव्हा ती माती असते. तिची किंमत ठरवतात, घासाघीस करतात, रंग आवडला नाही तर दुसरी घेतात. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली, की हीच माती देव होते. निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि शास्त्राप्रमाणे ती पुन्हा माती होते, पाण्यात जाते. देवपण येण्याची आणि जाण्याची वेळ ठरलेली असते आणि ते आणणारा असतो माणसाचा संकल्प. विकायची मूर्ती आणि पूजेची मूर्ती यांत फरक करण्याची सवयही फार जुनी आहे. पाणिनीच्या व्याकरणात या दोहोंसाठी वेगळा नियम आहे. त्यावर लिहिताना पतंजलीने द्रव्याच्या लोभाने मूर्ती घडवणाऱ्या मौर्य राजांचा उल्लेख केला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा शेरा आहे. बाजारातली मूर्ती हा तेव्हाही विचाराचा विषय होता.

देव्हाऱ्यात आणखी एक छोटी आकृती असते, टाक. चांदीच्या किंवा पितळेच्या बोटभर पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, हातात तलवार. काही घरांत याच टाकांच्या रांगेत वीराचाही टाक असतो. लढताना किंवा अकाली गेलेला घरातला कोणी पूर्वज. जेजुरीला जाताना टाक बरोबर नेतात, देवाला भेटवतात, पुन्हा आणून जागेवर बसवतात. पूजेने झिजून चेहरा सपाट झाला तरी घरच्या माणसाला तो कोण हे ठाऊक असते. आकाराने टाक टेबलावरच्या २८ मिलिमीटरच्या शिपायापेक्षा फार मोठा नसतो. विषयही तोच, घोडा आणि शस्त्र. फरक इतकाच, की टाकातल्या माणसाशी घराने नाते कबूल केले आहे. त्याला नैवेद्य द्यायचा, सणाला आठवायचा, घर वेगळे झाले तर त्याचीही सोय लावायची.

रोमन घरातही असाच कोनाडा असे. त्यात लारेस या कुलरक्षक देवांच्या नाचऱ्या तरुणांसारख्या काशाच्या छोट्या मूर्ती असत. मुलगा वयात आला, की गळ्यातला बालपणीचा ताईत काढून लारेसपुढे ठेवी. लग्न ठरलेल्या मुली आपल्या बाहुल्या देवाला वाहत. खेळणे देवाकडे जाण्याचा रस्ता तिथेही खुला होता.

आकृतीच्या रूपावरून ती देव की शोभेची वस्तू हे ठरत नाही, याचा पुरावा या दोन संस्कृतींमधल्या व्यापारानेच ठेवला आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी, सुबक मूर्ती मिळाली. ती रोमन जगातून आलेली. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, ती कोणाच्या घरात होती? तिच्यापुढे कोणी फूल ठेवले असेल की ती परदेशी कलाकुसर म्हणून फळीवर उभी असेल? मूर्ती काही सांगत नाही. उलट दिशेने १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली ही मूर्ती मराठवाड्यातल्या तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी जुळते. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. तिच्या डोक्यापासून खाली खोल भोक पाडलेले आहे. म्हणजे ती एखाद्या आरशाची मूठ किंवा मेजाचा पाय असावी. आपली यक्षी तिथे सामानाचा भाग झाली आणि त्यांचा देव इथे पाहुणा. रूप तेच राहिले, बदलली ती समोरच्या माणसाने मान्य केलेली जबाबदारी.

या व्यापाराची एक वाट मुरबाड तालुक्यातून जाते. वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढला, की जुन्नरच्या पठारावर पोहोचता येते. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच घाटाने वर जाई. दर वर्षी भारत रोमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवली. रोमचे सैन्य या डोंगरात कधी आले नाही, पैसा आला.

घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची यादी आहे. याच लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, एक महारठी. आज पुतळे नाहीत. खाली काही पायांच्या खुणा आणि वर नावे एवढेच उरले आहे. दोन हजार वर्षांत दगडाची आकृती गेली, तिचे नाव टिकले. आकृती कोणाच्या जागी होती हे लिहून ठेवलेले असल्यामुळेच आज त्या रिकाम्या भिंतीसमोर उभा राहणारा माणूस तिथे कोण होते ते सांगू शकतो. बाजारातल्या मावळ्याचे नेमके उलटे आहे. त्याला आकृती आहे, नाव नाही.

नाव शोधायला शहापूर-मुरबाडच्या माणसाला लांब जायला नको. आसनगावातून दिसणारा माहुली, म्हणजे पळसगड, माहुली आणि भंडारगड यांचे त्रिकूट, हा नुसता ट्रेकचा डोंगर नव्हे. शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज इथून दिली आणि १६३६ मध्ये ती संपली. पुढे किल्ला शिवाजी महाराजांकडे आला, १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला. तहातले किल्ले परत घेण्याची मोहीम १६७० मध्ये सुरू झाली. त्या फेब्रुवारीत माहुलीवर मराठ्यांनी छापा घातला आणि तो फसला. किल्लेदार होता मनोहरदास गौड. मोगलांच्या चाकरीतला हा राजपूत सावध होता, शूर होता. त्याने मराठ्यांचा हल्ला परतवला आणि मोठ्या संख्येने मावळे मारले गेले. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, अलावर्दी बेग त्याच्या जागी आला आणि १६ जून १६७० रोजी मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली जिंकला.

अंगणातल्या किल्ल्यावर ही गोष्ट मांडायची तर बाजारातले मावळे पुरत नाहीत. मनोहरदास हवा. तो तटाच्या आत, मावळे बाहेर. सगळे मावळे एकाच दिशेने भाले रोखून उभे आणि समोर कोणीच नाही, असा किल्ला आपण नेहमी मांडतो. टेबलावरची लढाई खेळणाऱ्याला ही सवलत नसते. त्याला दोन्ही बाजू रंगवाव्या लागतात, एकाच हाताने आणि सारख्याच काळजीने. ज्याने शत्रूच्या पागोट्याचा रंग शोधण्यात संध्याकाळ घालवली, त्याला शत्रूला नुसते राक्षस मानणे जड जाते. या खेळाची धार्मिक बाजू असेल तर ती इथेच आहे.

लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा म्हणजे वीरगळ. त्यांना हे ठाऊक होते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर समुद्रातली लढाई कोरली आहे. वल्ही मारणाऱ्या नौकांच्या रांगा, त्यांत दाटीने उभे शिपाई. तेराव्या शतकात शिलाहार आणि यादव यांच्यात झालेल्या झुंजीशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. वीरगळाची रचना ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, त्यावर अप्सरा वीराला घेऊन जातात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्याला साक्षीला सूर्य-चंद्र. एका दगडावर खेळातल्या शिपायाएवढे शिपाई आहेत, दोन्ही बाजूंचे. तळातल्या चौकटीतून वरच्या चौकटीत जाणारा रस्ता शिल्पकाराने उघडा ठेवला.

आणि हा रस्ता फार जुन्या काळापुरता नाही. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. दर वर्षी त्या तारखेला माणसे तिथे जमतात, हुतात्म्यांना वंदन करतात. तिथे प्राणप्रतिष्ठेचा मंत्र नाही, टाक नाही. नाव आहे, तारीख आहे आणि दर वर्षी येणारी माणसे आहेत. वीराला पूज्य व्हायला एवढे पुरते.

लढाईच्या या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मनापासून घेतलेले असतात. पहिला, महाराजांना खेळात आणणे हा अवमान. पण मुले स्वतःच महाराजांना खेळात घेत नाहीत, वर बसवतात. कोणी न शिकवता त्यांनी संकल्पाची रेघ ओढलेली असते आणि ती मानली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: लढाईचा खेळच का? मरणाची करमणूक मुलांना का द्यायची? ज्या खेळात शत्रूला तोंड नाही, मेलेल्याला नाव नाही आणि पडलेला शिपाई उचलून पुन्हा उभा करताना काहीच वाटत नाही, तो खेळ खरोखरच वाईट. पण छापा फसला, इतकी माणसे गेली, चार महिन्यांनी किल्ला मिळाला, हे ज्याने स्वतःच्या हाताने मांडले त्याला विजयाची किंमत कळते. भाषणापेक्षा ती मातीतून लवकर कळते.

म्हणून या दिवाळीला मावळे निवडताना थोडा विचार व्हावा. शाडूचे किंवा साध्या मातीचे घ्यावेत. ते मोडले तरी तुळशीच्या आळ्यात विरघळवता येतात. प्लॅस्टर तसेच पडून राहते. एकाच साच्याचे दहा भालेकरी आणण्यापेक्षा वेगवेगळे चार आणावेत. सभासदाने शिवाजी महाराजांच्या बखरीत गडाचा कारभार हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्याकडे वाटून दिलेला सांगितला आहे. सबनीसाच्या हातात तलवारीऐवजी दप्तर द्यावे, म्हणजे किल्ला लेखणीवरही चालतो हे मुलांना दिसेल. कोकणातला हेटकरी बंदूकवाला ठेवावा, पायथ्याची चौकी, म्हणजे मेट, राखणारा कोळी ठेवावा, पाणी वाहणारी बाई ठेवावी. मोरोपंतांच्या नावाची चिठ्ठी त्यांच्या आकृतीखाली लावावी, मनोहरदासाच्या नावाची त्याच्या.

शहापूर आणि मुरबाडच्या शाळांनी आणि मंडळांनी किल्ला-स्पर्धा भरवताना प्रतापगड आणि रायगडाबरोबर माहुलीही मांडायला सांगावा आणि त्यात दोन्ही बाजूंची माणसे मांडल्याबद्दल गुण द्यावेत. दिवाळी झाली, की मुलांना घेऊन आसनगावला उतरावे, माहुली पायथ्यापासून बघावा. जमले तर वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून त्या भिंतीवरची नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.